सिम्युलेटरवरील सामूहिक सफर : जुहू ते अगत्ती, किनाऱ्याकिनाऱ्याने

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आपल्यापैकी बरेच जण फ्लाइट सिम्युलेटरवर एकेकटे उडतात, आणि त्यामुळे होते असे की रात्री जेवण झाल्यावर मुंबईहून पुण्याला किंवा गोव्याला एक फेरी मारली, उतरलो, यंत्र बंद केले, एवढ्यावरच हा छंद थांबतो. येत्या जानेवारीत आपण सर्वांनी मिळून एक सलग सफर करावी, असा प्रस्ताव मी मांडत आहे. मार्ग असा : जुहू, रत्नागिरी, मोपा, मंगळूर, कण्णूर, कोळिकोड, कोची आणि शेवटी अरबी समुद्र ओलांडून लक्षद्वीपमधील अगत्ती. दर शनिवारी एक टप्पा घ्यावा. कण्णूर आणि कोळिकोड हे छोटे टप्पे एकाच दिवशी जोडता येतील.

सुरुवात सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाऐवजी जुहूपासून करण्याचे कारण उघड आहे. जुहूचे विमानतळ १९२८ सालचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन 'पस मॉथ' या एका इंजिनाच्या विमानातून याच मैदानावर उतरले आणि पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतातील नागरी हवाई वाहतुकीचा आरंभ ज्या मातीवर झाला, तेथून आपण निघावे, असे मला मनापासून वाटते.

अंतरे सागरी मैलांत ढोबळमानाने देतो. जुहू ते रत्नागिरी १२८, रत्नागिरी ते मोपा ८३, मोपा ते मंगळूर १७७, मंगळूर ते कण्णूर ७३, कण्णूर ते कोळिकोड ५३, कोळिकोड ते कोची ६५ आणि कोची ते अगत्ती २५०.

या सफरीची एकच अट मी घालणार आहे. किनाऱ्यावरील सर्व टप्पे नकाशा, घड्याळ आणि होकायंत्र वापरून उडायचे. पडद्यावरची जांभळी जीपीएस रेषा बंद ठेवायची. खाली किनारा असताना चूक झाली तरी ती डोळ्यांना लगेच दिसते, आणि तेथे सवय झाली की मगच शेवटचा समुद्रावरचा टप्पा खऱ्या अर्थाने उडता येईल. अगत्ती शेवटी ठेवण्यामागे हाच विचार आहे.

नवशिकी पुणेकर

प्रस्ताव फार आवडला. माझ्याकडे साधी जॉयस्टिक आहे आणि मी सेस्ना १७२ सोडून दुसरे विमान अद्याप नीट हाताळलेले नाही. इतर मंडळी कॅराव्हॅन किंवा त्याहून वेगवान विमाने घेणार असतील, तर मी फार मागे पडेन का? दुसरा प्रश्न असा की सर्वांनी एकाच वेळी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उभे राहायचे, तर तेथे गर्दी होणार नाही का?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

ताई, सेस्ना १७२ हे या सफरीसाठी सर्वांत योग्य विमान आहे, कारण ते सावकाश जाते आणि खालचा प्रदेश वाचायला वेळ देते. वेगाच्या फरकावर उपाय सोपा आहे : मंद विमानांनी आधी निघायचे. मोपा ते मंगळूर या १७७ मैलांच्या टप्प्याचे उदाहरण घेऊ. ११५ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जाणाऱ्या सेस्नाला सुमारे ९२ मिनिटे लागतील, १६५ नॉटने जाणाऱ्या कॅराव्हॅनला ६४. म्हणजे सेस्नाच्या गटाने २८ मिनिटे आधी उड्डाण केले, तर दोन्ही गट मंगळूरला जवळपास एकत्र पोहोचतील, आणि वाटेत कॅराव्हॅनवाल्यांना पुढची विमाने दिसतील, हा खरा आनंद आहे. टीबीएमसारखी ३०० नॉटच्या पुढे जाणारी विमाने मात्र कृपया कोणी आणू नयेत.

जुहूला दोन-दोन मिनिटांच्या अंतराने निघू. धावपट्टी २६ वरून (आकडा म्हणजे दिशा, सुमारे २६० अंश) उड्डाण केले की समोर थेट समुद्र आहे. मात्र सांताक्रूझच्या २७ वरून निघणाऱ्या विमानांची वाट जुहूच्या अगदी दक्षिणेला लागून जाते. म्हणून समुद्रावर पुरेसे पश्चिमेला जाईपर्यंत कोणीही वर चढू नये आणि डावीकडे वळू नये. हे दोन्ही विमानतळ किती जवळ आहेत, हे समजण्यासाठी एक घटना सांगतो : २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे एक डीसी-८ सांताक्रूझ समजून चक्क जुहूवर उतरले आणि धावपट्टी संपून पुढे गेले. जीवितहानी झाली नाही, परंतु विमान निकामी झाले.

निवृत्त नियंत्रक

मी नोकरीची बरीच वर्षे नियंत्रण मनोऱ्यात काढली आहेत, त्यामुळे उंचीविषयी चार शब्द लिहिण्याची परवानगी घेतो. गटाने उडताना धोका वेगापेक्षा उंचीच्या गोंधळातून येतो. प्रत्येकाने आल्टिमीटरमध्ये, म्हणजे उंचीमापकात, एकच क्यूएनएच (समुद्रसपाटीला जुळवलेला हवेचा दाब) लावला नाही, तर पडद्यावर दोघांचीही उंची ५,५०० फूट दिसेल आणि प्रत्यक्षात दोन विमानांत शंभर-दीडशे फुटांचा फरक असेल. एका हेक्टोपास्कलला सुमारे ३० फूट, हे गणित पाठ असू द्यावे. टप्प्याच्या प्रारंभी धागाकर्त्यांनी क्यूएनएच जाहीर करावा आणि प्रत्येकाने तो आवाजी वाहिनीवर परत म्हणून दाखवावा. हा शिष्टाचाराचा भाग नाही. ऐकण्यातली चूक तेथल्या तेथे पकडण्याची ती एकमेव पद्धत आहे.

दक्षिणेकडे जाताना आपला चुंबकीय मार्ग ० ते १७९ अंशांच्या अर्धवर्तुळात येतो. दृश्य-नियमांनुसार, म्हणजे व्हीएफआर उडताना, त्यासाठी विषम हजार अधिक पाचशे फूट, म्हणजे ३,५००, ५,५०० किंवा ७,५०० फूट या उंच्या घ्याव्यात. सेस्नाच्या गटाला ३,५०० आणि कॅराव्हॅनच्या गटाला ५,५०० दिल्यास मागून येणारे वेगवान विमान पुढच्याच्या डोक्यावरून सुरक्षितपणे निघून जाईल.

शेवटच्या टप्प्याबाबत एक महत्त्वाची गोष्ट. भारतात नियंत्रित हवाई क्षेत्रामध्ये किनाऱ्यापासून १०० सागरी मैलांपेक्षा अधिक दूर समुद्रावर व्हीएफआर उड्डाणाला मुभा नाही. कोची ते अगत्ती २५० मैल असल्याने तो टप्पा आयएफआर, म्हणजे उपकरण-नियमांच्या, पद्धतीनेच नोंदवावा लागेल. मार्ग सुमारे २७९ अंश, म्हणजे पश्चिमेकडचा. तेव्हा उंची सम हजारांत, ८,००० किंवा १०,००० फूट, घ्यावी. सिम्युलेटर आपल्याला अडवणार नाही, हे खरे. तरीही नियम पाळून उडण्यातच या छंदाचे शिक्षण आहे.

मालवणी तारू

जुहू ते मोपा हा भाग माझ्या ओळखीचा आहे, म्हणून वाटेतील खुणा लिहितो. कोकणच्या किनाऱ्यावर गावे शोधू नका, खाड्या मोजा. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या जवळपास समांतर पश्चिमेला येऊन समुद्राला मिळतात आणि प्रत्येक मुखाशी डोंगराचे नाक, त्यावर किल्ला किंवा दीपगृह आणि आत गेलेले रुंद पाणी असते. वरून पाहताना या खाड्या मैलाच्या दगडांप्रमाणे एकामागून एक येतात.

मुंबई बंदराचे मुख ओलांडल्यावर खांदेरी आणि उंदेरी ही जोडबेटे दिसतील, लगेच अलिबागचा कुलाबा किल्ला. मग रेवदंड्याची खाडी आणि त्यानंतर राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा. पुढे सावित्रीची बाणकोट खाडी, हर्णैजवळ पाण्यात सुवर्णदुर्ग, वाशिष्ठीची दाभोळ खाडी आणि शास्त्रीची जयगड खाडी. बाणकोट ते दाभोळ सुमारे २४ मैल आहे. सेस्नाला तेथे साडेबारा मिनिटे लागायला हवीत. पंधरा लागली, तर समोरून वारा आहे, हे कोणत्याही उपकरणाशिवाय कळते आणि रत्नागिरीला पोहोचण्याची वेळ तेथेच सुधारून घेता येते.

रत्नागिरीनंतर पूर्णगड, मग वाघोटणच्या मुखावरचा विजयदुर्ग, देवगडचे भूशिर आणि मालवणसमोर सिंधुदुर्ग. मालवणच्या भोवती पाणी उथळ आणि खडकाळ आहे, त्यामुळे चांगल्या उपग्रहचित्रात समुद्राचा रंग बदललेला दिसतो. वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात सुटे खडक आहेत. ते दिसले की तेरेखोलचे मुख आणि तेथून आत डावीकडे मोपाचे पठार. दाबोळीऐवजी मोपा निवडल्याबद्दल धागाकर्त्यांचे आभार. दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ आहे. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये वाहतूक सुरू झालेले मोपा जुन्या सिम्युलेटरांत मुळातच नसेल. आपापल्या सिममध्ये ते आहे का, हे आधीच तपासून घ्यावे. नसल्यास दाबोळीला उतरण्यावाचून पर्याय नाही.

गोव्याच्या पुढे कारवारजवळ काळी नदीचे मुख आणि अंजदीव बेट, मुरुडेश्वरसमोर नेत्राणी, मालपेसमोर सेंट मेरी बेटे, एवढ्या खुणा मंगळूरपर्यंत पुरेशा आहेत.

पश्चिमवारा

मार्ग उत्तम आहे. एक सूचना करतो. मंगळूर, कण्णूर आणि कोळिकोड हे तिन्ही पठारावरचे, म्हणजे टेबलटॉप विमानतळ आहेत. कोळिकोडला ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री विमानाचा अपघात झाला तेव्हा जी परिस्थिती होती, म्हणजे मुसळधार पाऊस, पाठचा वारा आणि ओली धावपट्टी, तशी सिम्युलेटरमध्ये तयार करून प्रत्येकाने ७३७ विमानाने एकदा उतरून पाहावे. सर्वांच्या कौशल्याची खरी कसोटी तेथे लागेल, असे वाटते.

तिन्हीसांजेचे उड्डाण

पश्चिमवारा यांच्या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो नीट समजावून सांगतो. त्या रात्री २१ जणांचा मृत्यू झाला, त्यात दोन्ही वैमानिक होते. मंगळूरला २२ मे २०१० रोजी १५८ जण गेले आणि केवळ ८ वाचले. या घटनांतील माणसांचे नातेवाईक आपल्यासारखेच मराठी, मल्याळी, कन्नड घरांत राहतात आणि हा धागा त्यांच्यापैकी कोणीही वाचू शकतो. त्या रात्रीची आपण शनिवार संध्याकाळची स्पर्धा करणे मला योग्य वाटत नाही.

अपघातांच्या अधिकृत अहवालांचा अभ्यास करण्याला माझी हरकत नाही. तो तर प्रत्येकाने करावा. दोन्ही ठिकाणी विमान धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकले होते आणि पठार संपल्यानंतर पुढे सपाट जमीन नव्हती. त्यातून आपल्याला सरावासाठी एकच गोष्ट उचलायची आहे : धावपट्टीचा ठरलेला पहिला भाग हवेतच निघून गेला, तर चाके टेकवायची नाहीत, पुन्हा वर जायचे. हा सराव कोरड्या दिवशी, स्वच्छ उजेडात, सेस्नानेही करता येतो.

निवृत्त नियंत्रक

वरील मताशी मी पूर्णपणे सहमत आहे. पठारावरच्या धावपट्टीचा आणखी एक पैलू असा की शेवटच्या टप्प्यात खालची जमीन दरीत असते आणि धावपट्टीच्या कडेपाशी एकदम वर येते. त्यामुळे आपण किती उंचीवर आहोत याचा डोळ्यांचा अंदाज फसतो. डोळ्यांऐवजी गणितावर भरवसा ठेवावा : तीन अंशांच्या उताराला दर सागरी मैलामागे सुमारे ३०० फूट. धावपट्टीपासून चार मैलांवर तिच्या पातळीपेक्षा १,२०० फूट वर, दोन मैलांवर ६०० फूट वर. मंगळूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे फुटांहून अधिक उंच आहे. ती उंची या आकड्यांत मिळवायला विसरू नये.

पश्चिमवारा

तिन्हीसांजेचे उड्डाण यांचे म्हणणे पटले. माझी सूचना मागे घेतो. त्याऐवजी कोळिकोडला प्रत्येकाने एकदा ठरवून गो-अराउंड करावा, म्हणजे न टेकता पुन्हा वर जावे, आणि मगच उतरावे, असे सुचवतो.

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

मान्य. कोळिकोडला प्रत्येक विमान पहिल्या खेपेस धावपट्टीच्या वर ३०० फुटांवरून पुन्हा वर जाईल आणि दुसऱ्या खेपेस उतरेल. हवामानाविषयीही येथेच सांगतो : किनाऱ्यावरच्या सर्व टप्प्यांना थेट हवामान चालू ठेवू. जानेवारीत सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा असतो आणि दुपारी तो उलटून वायव्येकडून येऊ लागतो. हा फरक प्रत्यक्ष अनुभवण्यासारखा आहे.

मेलबर्नकर

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आमच्यासारख्यांचा वेळेच्या बाबतीत विचार व्हावा, ही विनंती. भारतातील रात्री साडेआठ म्हणजे जानेवारीत आमच्याकडे पहाटेचे दोन. शिवाय माझ्याकडे एक्स-प्लेन आहे; मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर वापरणारे सदस्य मला आकाशात दिसतील का?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

भारतीय वेळेनुसार सायंकाळी साडेपाच ठेवू. तेव्हा मेलबर्नला रात्रीचे अकरा, लंडनला दुपारचे बारा आणि न्यू जर्सीला सकाळचे सात वाजतील. यापेक्षा सर्वांना सोयीची वेळ मला सापडली नाही. भारतात तेव्हा सूर्य मावळत असेल, म्हणून सिममधील घड्याळ सर्वांनी सकाळी आठवर लावावे. हवामान थेट घेऊनही वेळ वेगळी ठेवता येते. त्यामुळे वारे संध्याकाळचे आणि उजेड सकाळचा असेल, एवढी तडजोड करावी लागेल.

वेगवेगळे सिम्युलेटर एकमेकांना आपोआप दिसत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे व्हॅटसिमसारखे ऑनलाइन उड्डाणाचे जाळे. तेथे नोंदणी विनामूल्य आहे, नव्या सदस्याला एक छोटी परीक्षा द्यावी लागते आणि नियम काटेकोरपणे पाळावे लागतात. नियंत्रक उपस्थित असेल तर त्याचे ऐकायचे, नसेल तर आपणच आपले स्थान जाहीर करायचे : 'हर्णै डावीकडे, ३,५०० फूट, दक्षिणेकडे'. ज्यांना परीक्षा देणे अवघड वाटते, त्यांनी मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. मी तयारी करून घेईन.

निवृत्त नियंत्रक

आता अगत्तीच्या टप्प्याविषयी सविस्तर लिहितो, कारण खरी तयारी त्यासाठीच लागणार आहे.

प्रथम इंधन. अगत्तीला धावपट्टी एकच, ०४/२२, सुमारे १,२०० मीटर लांब आणि दोन्ही टोकांना समुद्र. ती बंद असेल किंवा सापडली नाही, तर जवळचा पर्याय नाही. मंगळूर आणि कण्णूर हे दोन्ही तेथून २०० मैलांच्या पुढे आहेत. म्हणून नियम असा ठेवावा की कोचीहून निघतानाच जाऊन परत येण्याइतके इंधन टाकीत हवे. सेस्ना १७२ ला ५०० मैलांस ११५ नॉटने सुमारे ४ तास २० मिनिटे लागतात. तासाला ३४ लिटर धरल्यास १४८ लिटर. टाकीत वापरण्याजोगे सुमारे २०० लिटर असतात. म्हणजे जमते, मात्र इंधन-हवेचे मिश्रण नीट पातळ ठेवले तरच. कॅराव्हॅनला अडचण नाही.

दुसरी बाब वाऱ्याची. उत्तरेकडून १५ नॉटचा वारा आहे, असे समजा. साठाला एक हा नियम (साठ मैलांत एक मैल बाजूला म्हणजे एक अंश) वापरला, तर सेस्ना सुमारे ८ अंश डावीकडे वाहवत जाईल. दुरुस्ती केली नाही, तर २५० मैलांनंतर विमान बेटापासून ३० मैलांहून अधिक दक्षिणेला असेल. कॅराव्हॅनही वीस-बावीस मैल चुकेल. अगत्ती लांबीला साडेसात किलोमीटरच्या आसपास आणि रुंदीला एक किलोमीटरही नाही. एवढ्या चुकीला ते दिसणार नाही.

त्यामुळे वाटेतील दोन बेटांचा आधार घ्यावा. कोचीपासून सुमारे १६० मैलांवर, मार्गाच्या उजवीकडे १४ मैलांवर आंद्रोत आहे. लक्षद्वीपमधील इतर बेटे साधारण उत्तर-दक्षिण पसरलेली आहेत. आंद्रोत एकटे पूर्व-पश्चिम आडवे आहे, म्हणून ते वरून चटकन ओळखता येते. पुढे २२५ मैलांच्या आसपास डावीकडे ११ मैलांवर कवरत्ती. आंद्रोत अपेक्षेपेक्षा दूर दिसले, तर आपण दक्षिणेला सरकलो आहोत. किती अंश सरकलो हे तेथेच मोजून हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा, बदलावे. दोन्ही बेटे दिसली नाहीत आणि अगत्तीची वेळही उलटून दहा मिनिटे झाली, तर शोधत न बसता पूर्वेकडे वळून परत यावे. पूर्वेला सबंध भारताचा किनारा आहे, तो चुकणार नाही.

या बेटांची रचनाही लक्षात ठेवावी. बहुतेक ठिकाणी जमिनीची पट्टी प्रवाळकड्याच्या पूर्वेच्या काठावर असते आणि उथळ पाण्याचे सरोवर, म्हणजे लगून, पश्चिमेला. आपण पूर्वेकडून येणार, म्हणजे आधी गडद निळे पाणी, मग माडांची रेघ आणि तिच्यामागे फिकट हिरवा पट्टा. ढगांच्या सावल्याही दुरून बेटासारख्या दिसतात. मात्र सावलीमागे हिरवे लगून नसते.

मालवणी तारू

फार उपयुक्त माहिती. एकच विचारतो : अगत्तीहून पुढे मिनिकॉयला जाता येईल का? तेथील १८८५ सालचे दीपगृह वरून पाहण्याची फार इच्छा आहे.

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

मिनिकॉय इतर बेटांपासून नऊ अंशांच्या खाडीने वेगळे झालेले आहे आणि अगत्तीपासून सुमारे १६० मैल दक्षिणेला आहे. तेथे उतरण्यासाठी धावपट्टी नाही. मात्र अगत्तीहून मालदीवमधील हनिमाधूला जाताना, त्या २५० मैलांच्या वाटेवर, ते जवळजवळ मार्गातच येते. ही दुसरी सफर म्हणून फेब्रुवारीत घेता येईल. त्यासाठी मात्र देशाबाहेरील उड्डाणाचा आराखडा कसा भरतात, हे आधी शिकावे लागेल. निवृत्त नियंत्रक यांनी त्यावर स्वतंत्र धागा काढावा, ही विनंती.

तूर्त पहिल्या टप्प्याची नोंदणी येथेच सुरू करतो. प्रत्येकाने प्रतिसादात विमानाचा प्रकार, सिम्युलेटर आणि ठरवलेला वेग लिहावा, म्हणजे जुहूहून निघण्याचा क्रम शुक्रवारपर्यंत लावता येईल. ज्यांनी आंद्रोत आणि कवरत्ती ही बेटे आपल्या सिममध्ये नीट उमटतात का हे तपासले असेल, त्यांनी तेही कळवावे. चित्र ढगाळ किंवा बेट गायब असेल, तर त्या सदस्याला शेवटच्या टप्प्यात दुसऱ्या विमानाच्या मागोमाग दृष्टीच्या अंतरावर ठेवू.

नवशिकी पुणेकर

सेस्ना १७२, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, ११० नॉट. आंद्रोत दिसते, आडवेच आहे. कवरत्ती उद्या पाहून कळवते.